वाचकांचे प्रश्न : अमेरिकी नाण्याची किंमत कशाने वाढते?

गोव्यातील घरांत अमेरिकी नाणी येण्याच्या वाटा जुन्या आहेत. बोटीवर नोकरी करणारा तारवटी, अमेरिकेत संसार थाटलेली मुलगी, किनाऱ्यावरच्या भाड्याच्या खोलीत महिनोन्महिने राहून गेलेला प्रवासी, असे कोणी ना कोणी ती मागे ठेवून जाते. चलन बदलून देणारे लोक नोटा घेतात, नाणी सहसा घेत नाहीत, म्हणून ती डब्यात पडून राहतात. समाजमाध्यमांवरील चित्रफितींमुळे या डब्यांविषयी मोठ्या आशा निर्माण झाल्या असल्याचे आमच्याकडे आलेल्या पत्रांवरून दिसते. त्यांपैकी निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहोत.

आमचे वडील 1970 च्या दशकात परदेशी पाहुण्यांना खोल्या भाड्याने देत असत. त्यांच्या पेटीत साठ-सत्तर अमेरिकी नाणी सापडली आहेत. ती पन्नास वर्षांहून जुनी असल्यामुळे त्यांना चांगली किंमत यावी, असे घरातील सर्वांना वाटते. हे खरे आहे का? (एक वाचक, हणजुणे)

केवळ जुनेपणामुळे या नाण्यांना किंमत येत नाही. अमेरिकेतील संग्राहक साधारणपणे 1965 नंतरच्या नाण्यांना आधुनिक म्हणतात आणि त्या काळापासून फिलाडेल्फिया व डेन्व्हर येथील टांकसाळींनी दर वर्षी अब्जावधी नाणी पाडली आहेत. एवढ्या मोठ्या संख्येने असलेली वस्तू पन्नास वर्षांनीही दुर्मीळ होत नाही. किंमत येण्यासाठी नाण्याच्या अंगी दुसरे काही असावे लागते : एक तर त्यातील धातू मोलाचा असावा, किंवा ते पाडताना टांकसाळीकडून काही वेगळे घडलेले असावे, किंवा त्याची अवस्था इतकी निर्दोष असावी की त्या प्रतीचे दुसरे नाणे सहजी मिळू नये. या तिन्हींच्या जोडीला ते नाणे हवे असणारे लोकही पुरेसे असावे लागतात, कारण कोणी मागतच नसेल तर दुर्मीळतेला बाजारात मोल उरत नाही.

आपण धातूपासून सुरुवात करावी. 1964 पर्यंतची डाइम (दहा सेंट), क्वार्टर (पंचवीस सेंट) आणि हाफ डॉलर (पन्नास सेंट) ही नाणी 90 टक्के चांदीची होती. चांदीचा तुटवडा भासू लागल्यावर 1965 च्या नाणे कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधून चांदी पूर्णपणे काढून टाकण्यात आली आणि तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे पत्रे चढवलेली नाणी आली. हाफ डॉलरमध्ये मात्र 1965 पासून 1970 पर्यंत 40 टक्के चांदी राहिली, आणि हेच अनेकांच्या नजरेतून सुटते. ओळखण्याची रीत सोपी आहे. नाणे उभे धरून कड पाहावी : नव्या नाण्याच्या कडेला तांब्याची तपकिरी रेघ स्पष्ट दिसते, 90 टक्के चांदीच्या नाण्याची कड एकसारखी पांढरी असते. शंका राहिल्यास ओळखीच्या सोनाराकडे वजन करून घ्यावे. चांदीचे क्वार्टर 6.25 ग्रॅम भरते, नवे 5.67 ग्रॅम. चांदीचा हाफ डॉलर 12.5 ग्रॅम, 40 टक्क्यांचा 11.5 ग्रॅम आणि चांदी नसलेला 11.34 ग्रॅम भरतो. झिजलेल्या चांदीच्या क्वार्टरलाही त्यातील सुमारे साडेपाच ग्रॅम चांदीचा भाव येतोच, मग त्यात संग्राहकाला रस असो वा नसो.

आपल्या पेटीत केनेडींचे चित्र असलेले हाफ डॉलर असण्याची शक्यता बरीच आहे. नोव्हेंबर 1963 मध्ये केनेडींची हत्या झाली, पुढच्याच वर्षी हे नाणे आले आणि लोकांनी ते खर्चण्याऐवजी आठवण म्हणून जपले. त्यामुळे 1964 चे नाणे चांदीसाठी मोलाचे असले तरी दुर्मीळ नाही. 1971 ते 1978 या काळातील राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचे चित्र असलेल्या मोठ्या डॉलरविषयीही सावध असावे : लोकांच्या हातांत खेळलेले डॉलर तांबे-निकेलचे आहेत. 40 टक्के चांदीचे डॉलर सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत केवळ संग्राहकांसाठी पाडले गेले आणि त्यांवर त्या टांकसाळीचे ‘एस’ हे चिन्ह असते, परंतु ‘एस’ चिन्हाचे सगळेच डॉलर चांदीचे नसतात, म्हणून कड येथेही पाहावी.

जुन्या पेट्यांत अमेरिकी नाण्यांबरोबर 1958 नंतरची पोर्तुगीज अमदानीतील एस्कुदो आणि सेंताव्होची नाणीही मिसळलेली असतात. ती आधी बाजूला काढावीत, कारण त्यांचे ग्राहक निराळे आणि त्यांचे निकषही निराळे.

माझ्याकडे ढोलकी वाजवणाऱ्या सैनिकाचे क्वार्टर आहे. त्यावर 1776–1976 अशी दोन साले आहेत. हे नाणे लाखो रुपयांना विकले जाते, असे एका चित्रफितीत पाहिले. (एक वाचक, फोंडा)

आपल्या नाण्याची किंमत पंचवीस सेंट आहे. अमेरिकी स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त 1975 आणि 1976 या दोन्ही वर्षी पाडलेल्या क्वार्टरवर हीच दोन साले घातली गेली, म्हणून 1975 हे एकच साल असलेले क्वार्टर अस्तित्वातच नाही. फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर मिळून ही नाणी 160 कोटींहून अधिक पाडली गेली. याच आराखड्याची 40 टक्के चांदीची नाणी सॅन फ्रान्सिस्कोहून संचांमध्ये विकली गेली. ती थोडी अधिक मोलाची आहेत, परंतु लाखांची भाषा त्यांच्याबाबतही करता येणार नाही. विक्रीच्या संकेतस्थळावर कोणीही कितीही किंमत लिहू शकतो. लिलावात प्रत्यक्ष किती पैसे मोजले गेले, तेवढेच प्रमाण मानावे.

माझ्या संग्रहातील 1972 सालच्या एका लिंकन सेंटवरील अक्षरे दुहेरी दिसतात. हा प्रसिद्ध ‘डबल डाय’ असू शकेल का? मी निवृत्त शिक्षक असून भिंगाने पाहण्याची मला सवय आहे. (एक वाचक, डिचोली)

असू शकेल, परंतु तसे ठरवण्यापूर्वी नाणे कसे घडते हे ध्यानात घ्यावे लागेल. नाण्यावर चित्र उमटवणारा पोलादी ठसा, म्हणजे डाय, हा स्वतः एका मूळ साच्याच्या दाबाने तयार होतो, आणि त्या साच्याला हब म्हणतात. पूर्वी एका दाबात चित्र पुरेसे खोल उमटत नसे, म्हणून डाय तापवून मऊ करून पुन्हा हबखाली ठेवत. दुसऱ्या वेळी ती किंचित फिरली, तर अक्षरे डायवरच दुहेरी कोरली जात आणि त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर तोच दोष हुबेहूब उतरे. खऱ्या डबल डायचे महत्त्व येथेच आहे : हा दोष एका नाण्यापुरता नसतो, त्याची ओळख पटवता येते, छायाचित्राशी ताडून पाहता येते, आणि म्हणून त्याची नोंद व मागणी निर्माण होते. एकाच दाबात डाय घडवण्याची पद्धत 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्यावर असे ठळक दोष फार कमी झाले.

1955 सालचा सेंट हे याचे सर्वांत गाजलेले उदाहरण आहे. त्या वर्षी फिलाडेल्फियात सुमारे वीस हजारांहून अधिक दोषयुक्त सेंट चांगल्या नाण्यांच्या ढिगात मिसळले गेले आणि बाहेर पडले. त्यांतील अनेक सिगारेटच्या पाकिटांबरोबर लोकांच्या हातांत गेले. यंत्रातून पंचवीस सेंटला मिळणाऱ्या पाकिटाची किंमत तेवीस सेंट असे आणि उरलेले दोन सेंट पाकिटाच्या वेष्टनातच ठेवलेले असत. आज वापरलेल्या अवस्थेतही या सेंटला हजार डॉलरच्या वर किंमत येते. 1969 चा सॅन फ्रान्सिस्कोचा डबल डाय याहून कितीतरी दुर्मीळ आहे. तो निघाला तेव्हा नकली सेंटही फिरत होते, त्यामुळे अमेरिकी सरकारने सुरुवातीला काही अस्सल नाणीसुद्धा बनावट समजून जप्त केली होती. आपल्याकडील 1972 च्या प्रकारात ‘लिबर्टी’ हा शब्द, सालाचे आकडे आणि वरचे ‘इन गॉड वी ट्रस्ट’ हे वाक्य दुहेरी दिसते. ते नाणे फिलाडेल्फियाचे असल्याने सालाखाली कोणतेही अक्षर नसते. आपल्या सेंटवर डेन्व्हरचा ‘डी’ किंवा सॅन फ्रान्सिस्कोचा ‘एस’ असेल तर हा प्रसिद्ध प्रकार नव्हेच. नसेल, तर भिंगाखाली आणखी एक गोष्ट तपासावी.

नाणे पाडताना डाय सैल असली, तर आघातानंतर ती किंचित सरकते आणि नुकतीच उमटलेली अक्षरे एका बाजूने दबतात. यालाही लोक डबल डाय म्हणतात, परंतु त्याला काडीची किंमत नाही. यांत्रिक दुहेरीपणात मूळ अक्षराचाच एक भाग सपाट होऊन पायरीसारखा दिसतो आणि अक्षर बारीक होते. खऱ्या डबल डायमध्ये दोन्ही प्रतिमा गोलसर उठावाच्या असतात, अक्षर जाड दिसते आणि त्याच्या टोकांना खाच पडून ती दुभंगलेली दिसतात. आमच्याकडे छायाचित्रे पाठवणाऱ्या वाचकांपैकी बहुतेकांच्या नाण्यांवर पहिला प्रकार असतो, हे खेदाने सांगावे लागते. आपली नाणी तपासून खाच दिसली, तर पुढे जावे. त्या वर्षी एकाहून अधिक डायवर हा दोष होता. त्यांतील सर्वांत ठळक प्रकाराला, म्हणजे ज्यात दुहेरीपणा भिंगाशिवायही कळतो त्याला, सुमारे दोनशे-तीनशे डॉलर येतात. अगदी पुसट प्रकाराला काही डॉलर मिळाले तरी पुष्कळ. दोष ठळक असूनही नाणी बरीच सापडली तर किंमत कशी बेताची राहते, हे 1995 च्या डबल डायवरून दिसते. त्याला साधारण वीस-पंचवीस डॉलरच येतात.

एका डाइमवर टांकसाळीचे अक्षरच नाही. अक्षर नसलेले डाइम चार कोटी रुपयांना विकले गेल्याची बातमी मी वाचली होती. (एक वाचक, मडगाव)

आपण वाचलेली बातमी खरी आहे, परंतु ती वेगळ्या नाण्याची आहे. 1975 साली सॅन फ्रान्सिस्कोत संग्राहकांसाठी आरशासारख्या चकाकीची, म्हणजे प्रूफ, नाणी पाडली जात होती. त्यांच्या एका डायवर ‘एस’ घालायचे राहून गेले आणि अशी केवळ दोन डाइम ज्ञात आहेत. त्यांतील एकाला 2024 साली लिलावात पाच लाख डॉलरहून अधिक किंमत आली. ती मुळात संचात बंद करून विकली गेली होती, तेव्हा तशा प्रतीचे नाणे एखाद्या दुकानदाराच्या गल्ल्यातून आपल्याकडे येण्याचा संभव नाही.

आपल्या डाइमवरील साल आपण कळवलेले नाही आणि उत्तर सालावरच अवलंबून आहे. फिलाडेल्फियाने डाइमवर ‘पी’ हे अक्षर 1980 पासून घालायला सुरुवात केली. त्यापूर्वीच्या डाइमवर अक्षर नसणे हेच नेहमीचे आहे. 1965, 1966 आणि 1967 या तीन वर्षी तर कोणत्याही टांकसाळीच्या नाण्यावर अक्षर नाही. सेंटचे याच्या उलट आहे : फिलाडेल्फियाच्या सेंटवर कधीच अक्षर नसते, अपवाद केवळ 2017 चा, जेव्हा टांकसाळीच्या 225 व्या वर्षानिमित्त कोणताही गाजावाजा न करता ‘पी’ घालण्यात आला. आपले डाइम 1982 चे असेल तर मात्र ते नीट जपावे. त्या काळी हे अक्षर प्रत्येक डायवर हाताने ठोकले जाई आणि फिलाडेल्फियाच्या एका डायवर ते ठोकायचे राहिले. ही नाणी ओहायो राज्यातील सँडस्की या गावाच्या परिसरात मोठ्या संख्येने सापडली. अवस्था आणि ठशाचा ठळकपणा पाहून त्यांना पन्नास डॉलरपासून काही शे डॉलरपर्यंत किंमत मिळते.

माझे दीर प्रवासी बोटीवर नोकरीला आहेत आणि दर वेळी मायामीहून सुटी नाणी घेऊन येतात. त्यांनी नेमके काय पाहावे? सोनेरी रंगाच्या डॉलरमध्ये सोने असते का? (एक वाचक, वास्को)

सोनेरी डॉलरमध्ये सोन्याचा कणही नसतो. तांब्याच्या गाभ्यावर मँगनीजयुक्त पितळ चढवलेले ते नाणे आहे. तरीही या डॉलरची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 2000 साली सॅकागाविया या मूळनिवासी अमेरिकी स्त्रीचे चित्र असलेला डॉलर प्रथम आला, तेव्हा प्रसिद्धीसाठी 5,500 डॉलर चिरिओज या न्याहारीच्या खाद्यपदार्थाच्या खोक्यांत घालण्यात आले. त्यांतील काहींवर गरुडाच्या शेपटीची पिसे नेहमीपेक्षा अधिक बारकाईने कोरलेली आहेत, हे 2005 पर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. तोवर अनेकांनी ते डॉलर खर्चून टाकले होते. आता ते सापडल्यास हजारो डॉलर मिळतात. 2000 सालीच क्वार्टरच्या दर्शनी बाजूची डाय आणि डॉलरच्या मागच्या बाजूची डाय एकत्र बसवली गेली आणि एका बाजूला वॉशिंग्टन, दुसऱ्या बाजूला उडता गरुड अशी नाणी बाहेर पडली. त्यांतले पहिले आर्कान्सास राज्यात सापडले. आजवर अशी फारच थोडी मिळाली आहेत.

दिरांनी मात्र अशा दंतकथांच्या मागे न लागता रोज मिळण्याजोग्या नाण्यांकडे लक्ष द्यावे. क्वार्टरवर ‘डब्ल्यू’ अक्षर दिसले तर ते ठेवून घ्यावे. वेस्ट पॉइंटच्या टांकसाळीने 2019 आणि 2020 या दोन वर्षी प्रत्येक आराखड्याची केवळ वीस लाख क्वार्टर पाडून, लोकांना शोधण्याचा छंद लागावा म्हणून, मुद्दाम चलनात सोडली. त्यांना दहा-वीस डॉलर मिळतात. 1999 ते 2008 या काळात प्रत्येक राज्याचे क्वार्टर निघाले, त्यांत 2004 च्या विस्कॉन्सिन राज्याच्या डेन्व्हरच्या नाण्यावर मक्याच्या कणसाला डाव्या बाजूस एक जादा पान असलेले दोन प्रकार आढळले आहेत. ते प्रथम टूसॉन आणि सॅन अँटोनिओ या शहरांच्या परिसरात सापडले. 2007 पासूनच्या राष्ट्राध्यक्षांच्या डॉलरची कड पाहावी. तेथे साल आणि बोधवाक्य वेगळ्या यंत्रावर उमटवले जाते आणि काही नाणी त्या यंत्रातून न जाताच बाहेर पडली. वॉशिंग्टनच्या अशा डॉलरला पहिल्या आठवड्यांत शेकडो डॉलर मिळत होते, पुढे ते हजारोंनी सापडल्यावर भाव कोसळला. कडेची अक्षरे उलटी दिसणे हा दोष नाही, कारण नाणे त्या यंत्रात कोणत्याही बाजूने जाते.

1982 चे सेंट वजन करून पाहण्यासारखे आहेत. त्या वर्षाच्या मध्यात तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेले जस्त वापरात आले. तांब्याचा सेंट 3.11 ग्रॅम आणि जस्ताचा 2.5 ग्रॅम भरतो. सालाचे लहान आकडे आणि ‘डी’ अक्षर असलेला सेंट जस्ताचाच असायला हवा. 2016 साली तसा एक तांब्याचा निघाला आणि संग्राहकांत मोठी खळबळ उडाली. 1943 च्या सेंटविषयी मात्र चुंबक वापरावे. युद्धकाळात तांबे वाचवण्यासाठी त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेले पोलादी सेंट पाडले गेले आणि चुकून तांब्यावर पाडले गेलेले मोजकेच सेंट आज लाखो डॉलरचे आहेत. बाजारात फिरणारे बहुतेक ‘तांब्याचे’ सेंट म्हणजे पोलादी सेंटला तांब्याचा मुलामा दिलेला असतो. ते चुंबकाला चिकटतात, अस्सल चिकटत नाही. रोजच्या वापरासाठी सेंट पाडणे नोव्हेंबर 2025 मध्ये थांबले, म्हणून साध्या सेंटचे भाव वाढतील अशी आशा धरू नये, कारण लोकांच्या बरण्यांत ते अब्जावधी आहेत.

नाणी काळवंडली होती, म्हणून चिंचेने घासून लख्ख केली. आता विकायला काढावीत का? (एक वाचक, पेडणे)

काढू नयेत. समई चिंचेने आणि आमसुलाच्या पाण्याने उजळते, नाणे मात्र बिघडते. नाण्याच्या पृष्ठभागावरची टांकसाळीतील झळाळी हा धातूच्या सूक्ष्म प्रवाहरेषांवर पडणाऱ्या प्रकाशाचा परिणाम असतो. आम्लाने आणि घासण्याने त्या रेषाच नाहीशा होतात आणि जाणकाराच्या डोळ्यांना ते लगेच कळते. घासलेल्या नाण्याला पूर्वी येऊ शकणाऱ्या किमतीचा लहानसा अंशच मिळतो. चांदीची नाणी तेवढी धातूच्या भावाने जातील. उरलेली नाणी कोरड्या कागदी पाकिटांत, बाष्प शोषणाऱ्या पुडीसह ठेवावीत. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत जस्ताचे सेंट मुलाम्याला चीर पडताच आतून कुजतात, आणि पीव्हीसी या मऊ प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या नाण्यांवर हिरवट चिकट थर धरतो.

नाणे अमेरिकेत पाठवून प्रमाणित करून घेणे परवडते का? इतकी परदेशी नाणी घरात ठेवण्यास कायद्याची आडकाठी आहे का? (एक वाचक, साखळी)

प्रमाणन करणाऱ्या दोन प्रमुख संस्था आहेत, 1986 ची पीसीजीएस आणि 1987 ची एनजीसी. त्या नाण्याची अस्सलता तपासतात, 1 ते 70 या शेल्डन श्रेणीवर त्याची प्रत ठरवतात आणि ते पारदर्शक पेटीत कायमचे बंद करतात. आधुनिक नाण्यांची सारी गंमत या श्रेणीच्या वरच्या टोकाला आहे. 65 वर असलेल्या साध्या क्वार्टरला दोन-चार डॉलर आणि त्याच नाण्याच्या 68 वरच्या प्रतीला शेकडो डॉलर, असे घडते, कारण पोत्यांत एकमेकांवर आदळत गेलेल्या नाण्यांपैकी फारच थोडी ओरखड्यांवाचून राहतात. परंतु खिशात फिरलेले नाणे 60 पर्यंतही पोचत नाही, म्हणून आपल्या घरातील डब्यांतील नाण्यांना या चढाओढीत जागा नाही. प्रत्येक नाण्यामागे दोन आकडी डॉलरचे शुल्क, त्यावर विम्यासह टपालखर्च धरता, किमान दोनशे-तीनशे डॉलर मिळण्याची वाजवी खात्री असलेलेच नाणे पाठवावे. अमेरिकेत कोणी नातलग असल्यास त्यांच्याकरवी ते देणे स्वस्त पडते. त्यापूर्वी चांगल्या प्रकाशात दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे काढून जाणकाराला दाखवावीत.

कायद्याविषयी काळजीचे कारण नाही. परकीय चलनी नोटा किती ठेवाव्यात यावर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनी मर्यादा घातली आहे, परकीय नाण्यांवर मात्र कोणतीही मर्यादा नाही. ती कितीही बाळगता येतात.